साप मेला म्हणून फेकायच्या आधी: सरपटणाऱ्यांच्या ठोक्यांबद्दल या चुका टाळा

थंडी पडली की आमच्याकडं, म्हणजे सांगलीकडच्या पलूस, भिलवडी, वाळवा या पट्ट्यात, ठराविक प्रश्न सुरू होतात. ऊसतोड जोरात असते, पाचटाखाली साप गारठून पडलेला सापडतो, घरच्या टाकीतलं कासव दोन दिवस हललेलं नसतं, कृष्णेच्या काठाला मगर तोंड उघडं टाकून तासन्‌तास पडून असते आणि कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकून विचारतं, मेलीय का ही? मग खाली ढीगभर सल्ले पडतात आणि त्यातले निम्मे जीवघेणे असतात, सापासाठी पण आणि माणसासाठी पण.

या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे, आपण माणसाच्या हृदयाचा हिशोब सापाला लावतो. आपल्यात ठोके फार कमी झाले की काहीतरी बिघडलंय, वाढले की माणूस पळालाय नाहीतर घाबरलाय, थांबले की खेळ खलास. सरपटणाऱ्यांत यातलं एक पण वाक्य जसंच्या तसं चालत नाही. तिथं ठोक्यांचा नुसता आकडा काहीच सांगत नाही, त्याच्यासोबत चार गोष्टी विचाराव्या लागतात: अंग किती गरम आहे, श्वास आत्ता चालू आहे की रोखून धरलाय, पोटात काही आहे का, आणि समोर कोण उभं आहे. हे चार प्रश्न न विचारता जो कुणी "ठोके कमी आहेत, वाचणार नाही" म्हणतो त्याचं मनावर घेऊ नका.

आत नेमकं काय चालतं ते थोडक्यात बघू. हृदयाच्या एका कोपऱ्यात काही पेशी असतात ज्या स्वतःहून ठोका सुरू करतात, त्यांना मेंदूचा आदेश लागत नाही. या पेशींचा वेग तापमानावर चालतो, ढोबळ नियम असा की अंगाचं तापमान १० अंशांनी वाढलं की ठोके दुप्पट ते अडीचपट होतात, उतरलं की तसेच खाली येतात. म्हणजे २० अंशाला ज्या सरड्याचे ठोके मिनिटाला २० असतील त्याचेच ३० अंशाला ४० ते ५० झालेले दिसतील, त्यानं काही न करता. या तापमानाच्या पायावर जनावराचं स्वतःचं नियंत्रण बसतं. व्हेगस नावाची नस ठोके खाली ओढते, ॲड्रेनलिन वर ढकलतं, आणि या दोघांच्या ओढाताणीत जो आकडा निघतो तो आपल्याला दिसतो. लोक म्हणतात थंड रक्ताचा प्राणी, त्याचं काय, जसं ऊन तसं अंग. अर्धवट खरं आहे ते. ऊन बाहेरचं असलं तरी ते अंगात किती घ्यायचं आणि किती टिकवायचं यात हृदयाचा मोठा हात असतो, ते खाली येईलच.

गारठलेला साप मेलेला समजणे

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. जानेवारीत आमच्याकडं पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतो, उसाच्या फडात तर पाण्यामुळं अजूनच गार वाटतं. अशा वेळी पाचटाखालची धामण किंवा घोणस काठीनं उलटी केली तरी वळत नाही, तोंड किंचित उघडं, अंग सैल. श्वास बघायला गेलं तर दोन श्वासांत इतका वेळ जातो की बघणारा कंटाळून उठतो. ठोके चालू असतात पण मिनिटाला मोजकेच, आणि ते काही पाच फुटांवरून उभं राहून दिसत नाहीत.

साप त्या अवस्थेत आजारी नसतो हे आधी डोक्यात घ्या. गार अंगाला ऑक्सिजन कमी लागतो, मग रक्त वेगानं फिरवून करायचं काय? हृदय गरजेएवढंच चालतं आणि शरद ऋतूत साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरली जाते. याचं टोक बघायचं असेल तर उत्तर अमेरिकेतलं रंगीत कासव बघा. ते हिवाळ्यात बर्फाखालच्या तळ्यात तीनेक अंशाच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय महिनोन्‌महिने काढतं, ठोके मिनिटाला एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि अंगात साठणारं लॅक्टिक ॲसिड स्वतःच्या कवचातल्या क्षारांनी मारून टाकतं. वसंतात पोहत बाहेर येतं. आपल्याकडं एवढी थंडी नाही आणि आपले साप एवढे टोकाला जात पण नाहीत, पण तत्त्व तेच.

मग करायचं काय? शेतात सापडला तर काहीच नाही. लांबून बघा, काम त्या सरीत थोडं थांबवा, दहा-अकरापर्यंत ऊन वर आलं की तो आपला आपण निघून जातो. निघाला नाही किंवा घराजवळ असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा वनविभागाकडं नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. काठीनं डोक्याकडं टोचून बघणे, शेपूट धरून झटकणे, पोरांना दाखवायला घरी पिशवीतून आणणे हे सगळे प्रकार बंद. घोणस गारठलेली असली तरी चावू शकते, आणि पिशवीत आपल्या अंगाच्या उबेला गाडीवरनं आणलेली घोणस घरी पोचेपर्यंत चांगली तरतरीत झालेली असते. गारठलेला साप "सुस्त" असतो हे ऊसतोड मजुरांना पटवणं अवघड नाही, ते रोज बघतात. अवघड आहे ते रील बनवणाऱ्या पोरांना पटवणं.

घाईघाईनं गरम करणे

पहिली चूक टाळली की लोक ही करतात. कासव गार पडलंय म्हणून हेअर ड्रायर लावतात, गरम पाण्याच्या टबात टाकतात, एकानं तर गॅसजवळ ठेवलं होतं. हेतू चांगला पण परिणाम वाईट.

कातडीला अचानक चटका बसला तर सरपटणाऱ्यांना तो वेळेवर कळतच नाही असं नाही, पण पोटाकडून येणाऱ्या उष्णतेपासून ते चटकन बाजूला होत नाहीत आणि गारठलेल्याला तर हलताच येत नाही. आतलं अंग अजून गार, हृदय संथ, म्हणजे कातडीवरची उष्णता रक्तानं उचलून आत नेणारं कुणी नाही. ती उष्णता तिथंच साठते आणि भाजतं. जनावर आतून थंडच राहतं आणि वरून फोड येतात.

ऊन घेण्याची त्यांची स्वतःची पद्धत लय हुशारीची आहे. बार्थोलोम्यू आणि टकर या दोघांनी १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्यावर मोजमाप घेऊन दाखवलं की अंगाचं तापमान तेच असताना सरडा तापत असेल तर ठोके जास्त असतात आणि निवत असेल तर कमी. म्हणजे समजा अंग ३० अंशाला आहे, सकाळी उन्हात वर चढताना त्या ३० ला ठोके एक, संध्याकाळी खाली येताना त्याच ३० ला ठोके वेगळे. पुढं गालापागोस बेटांवरच्या समुद्री इग्वाना या मोठ्या सरड्यात पण हेच सापडलं, तो निवायला जेवढा वेळ घेतो त्याच्या साधारण निम्म्या वेळात तापतो. कारण सरळ आहे, थंड समुद्रात शेवाळ खायला उतरायचं तर आत साठवलेली ऊब पुरवून वापरली पाहिजे आणि बाहेर आल्यावर ती लवकर भरून घेतली पाहिजे.

आपल्याकडं शेतीपंपाची लाईट आठ तास येते, तेवढ्यात मोटर दाबून चालवून विहिरीचं पाणी शेततळ्यात चढवून घ्यायचं आणि लाईट गेली की व्हॉल्व्ह बंद करून ते जपून वापरायचं, तसंच हे. ऊन लागलं की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, हृदय जोरात चालतं, कातडीवर तापलेलं रक्त आत जातं. ऊन गेलं की त्याच वाहिन्या आवळतात, हृदय मंदावतं, आतली ऊब बाहेर गळत नाही. हे सगळं नुसत्या मेंदूच्या हुकमावर चालत नाही, उष्णता लागलेल्या जागेला तिथल्या तिथं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं यात भाग घेतात असं सरड्यात आणि मगरीत दिसलंय.

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप भागात हिवाळ्यात दुपारी नदीकाठाच्या गाळावर मगर बघितली असेल तर हे डोळ्यांनी बघितलंय तुम्ही. सकाळी ती उन्हाला आडवी पडते, पाठीचे खवले उन्हाकडं. लांबून काहीच चाललेलं दिसत नाही पण तेव्हाच हृदय कामाला लागलेलं असतं. अंग पुरेसं तापलं की जबडा उघडा टाकते, डोकं जास्त तापू नये म्हणून. लोक म्हणतात ती माशी यायची वाट बघते किंवा रागावलीय, तसलं काही नाही. तेवढं खरं की तापलेली मगर गारठलेल्या मगरीपेक्षा खूप चपळ असते, म्हणून सकाळी दहा फुटांवरून फोटो काढता आला म्हणून दुपारी पण काढायला जाऊ नका.

घरच्या कासवाचं सांगायचं तर बहुतेकांकडं लाल कानाचं स्लायडर असतं. पाणी एकदम बदलू नका. खोलीत आणा, टाकीचं पाणी हळूहळू, काही तासांत, २४-२५ अंशापर्यंत येऊ द्या, एका बाजूला कोरडी जागा आणि वर दिवा, ज्याच्या खाली ३०-३२ अंश येईल, दुसरी बाजू गारच ठेवा. त्याला निवड करू द्या. थर्मामीटर लावा राव, साधा मिळतो, हात बुडवून "कोमट आहे" म्हणणं बंद करा. आणि आपली देशी कासवं, तारा कासव धरून, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, ते मिळालं तर वनविभागाकडं द्या.

हलत नाही म्हणजे निवांत आहे असं धरणे

ही चूक सर्पमित्रांतपण आहे आणि चांगले अनुभवी लोकसुद्धा करतात. घोरपड पकडली, सुरुवातीला शेपटीचे फटके मारले, मग एकदम गप्प झाली, लगेच कुणीतरी म्हणतं, बघा ओळख पटली तिला. ओळख वगैरे काही नाही.

१९६९ मध्ये गाँट आणि गॅन्स यांनी केमन या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या मगरीवर काम केलं. तिच्या हृदयाची नोंद घेताना दिसलं की पाण्यात बुडी मारल्यावर ठोके कमी होतात तसेच कुणी जवळ आलं, तिला धोका वाटला की बुडी न मारता पण कमी होतात. अमेरिकन ॲलिगेटरला ट्रान्समीटर बसवून घेतलेल्या नोंदीत पण माणूस जवळ गेला की ठोके झपकन पडलेले दिसले. म्हणजे बाहेरून जनावर शांत, आतून व्हेगस नसेनं हृदय दाबून धरलेलं, श्वास बंद. दडून बसायची ही तयारी असते. हालचाल नको, श्वासाचा आवाज नको, पाण्यावर बुडबुडा नको.

आता उलटं पण घडतं, म्हणून सांगतो की आकडा एकटा कामाचा नाही. इग्वानाला नुसतं हळुवार हातात घेतलं तरी त्याचे ठोके चांगलेच वाढलेले मोजले आहेत. दडायची संधी असलेला प्राणी ठोके पाडतो, हातात सापडलेला किंवा झटापट करणारा वाढवतो. दोन्हीत तो घाबरलेलाच आहे.

शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे, जिवंत नागांची मिरवणूक कायद्यानं थांबली हे पण. जुने फोटो बघितले तर मडक्यावर फणा काढून उभा नाग आणि त्याच्यासमोर हात जोडलेली बाया-माणसं. फणा काढून स्थिर उभा राहिलेला नाग प्रसन्न नसतो, तो इशारा देत असतो. आमच्या आजीच्या पिढीला हे सांगायची हिंमत झाली नसती पण आता शाळेतली पोरं सांगतात, चांगलंय.

पकडलेलं जनावर गप्प झालं की करायचं एवढंच, पिशवीत किंवा डब्यात अंधार करा, आवाज बंद करा, लवकरात लवकर सोडा. फोटोसेशन नको. ज्याला पळता येत नाही म्हणून गप्प बसलंय त्याला अजून तासभर गर्दीत ठेवणं म्हणजे छळच झाला.

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणे

हे खास प्राणीशास्त्राच्या पोरांसाठी आणि नवीन व्हेटसाठी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांसाठी. माणसाची नाडी अशी मोजतात, कुत्र्याची मोजतात, कासवाची मोजू नका.

कासव आणि मगर सतत श्वास घेत नाहीत. चार-पाच श्वास लागोपाठ, मग मोठी विश्रांती, कधी काही मिनिटांची. श्वास चालू असताना ठोके वर जातात आणि रक्त फुप्फुसाकडं जास्त वळतं, श्वास रोखला की ठोके खाली आणि फुप्फुसाकडचा प्रवाह पण कमी, कारण तिथं नवीन हवाच नाही तर रक्त पाठवून उपयोग काय. समुद्रातल्या मोठ्या लेदरबॅक कासवावर यंत्र बसवून घेतलेल्या नोंदीत पृष्ठभागावर मिनिटाला २५ च्या आसपास ठोके आणि बुडीत १७ च्या आसपास असं आलंय. आता तुमचे पंधरा सेकंद श्वासात पडले की विश्रांतीत यावर तुमचं उत्तर ठरणार. निदान पूर्ण दोन मिनिटं मोजा, मध्ये श्वास घेतला तर वेळ लिहून ठेवा, आणि आकड्याशेजारी अंगाचं तापमान लिहा. तापमान नसलेली नोंद कचऱ्यात टाकली तरी चालेल.

पकडल्या पकडल्या मोजू नका हे वेगळं सांगायला नको.

मोजायचे कसे? स्टेथोस्कोपचा उपयोग फारसा नाही, खवले आणि कवच घासल्याचाच आवाज येतो. डॉप्लर लागतो, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र. कासवाची मान आणि पुढचा पाय यांच्या मधल्या मऊ खाचेत जेल लावून प्रोब टेकवायचा, आतल्या बाजूला रोख करून. हिवाळ्यातल्या गारठलेल्या स्लायडरवर हा प्रोब लावला की आधी नुसती खरखर, दवाखान्यातले सगळे एकमेकांकडं बघतात, मालकाचा चेहरा पडतो, आणि सहा-सात सेकंदांनी एक लांबट "फूऽऽश" येतो. परत शांतता. परत एक. तेवढ्या वेळात प्रोब तीनदा हलवणारे असतात, त्यांना तो आवाज कधीच सापडत नाही. हात स्थिर ठेवून थांबायचं, बस.

सापाचं हृदय डोक्यापासून मोजलं तर लांबीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर असतं. सडपातळ साप उताणा धरला तर पोटाचे रुंद खवले त्या जागी किंचित वर-खाली होताना दिसतात. हे बिनविषारी सापावर, जाणकाराच्या हातात, यूट्यूब बघून नाही.

किती ठोके बरोबर म्हणायचे? प्राण्यांचे डॉक्टर एक सूत्र वापरतात: वजन किलोत घ्यायचं, त्याचा उणे पाव घात काढायचा आणि ३३.४ नं गुणायचं. १०० ग्रॅमच्या कासवाला साधारण ५९ येतात, १ किलोला ३३, १६ किलोच्या मगरीला १७ च्या जवळपास. पण हे त्या जातीच्या आवडीच्या तापमानाला, विश्रांतीत. बारा अंशाच्या पाण्यातल्या कासवाला हे सूत्र लावून "ठोके फारच कमी, इंजेक्शन द्या" म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

"कासवाला पाण्यात काय होतंय?"

कृष्णेत, वारणेत मासेमारीच्या जाळ्यात मऊ पाठीची कासवं अडकतात. जाळं रात्रभर पाण्यात, सकाळी काढलं तर कासव निपचित. मच्छीमार म्हणतात हे तर पाण्यातलंच, नाटक करतंय. तसं नसतं.

स्वतःच्या मर्जीनं मारलेली बुडी आणि जबरदस्तीनं पाण्याखाली अडकणं यात हृदयाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. मर्जीच्या बुडीत ठोके बेतानं कमी होतात, बऱ्याच बुड्या छोट्या असतात आणि ऑक्सिजन संपायच्या आत ते वर येतं. अभ्यासकांनी सुरुवातीच्या काळात प्राण्यांना बांधून पाण्यात बुडवून मोजमाप घेतली तेव्हा ठोके भयंकर पडलेले दिसले, आणि बरीच वर्षं लोकांना तेच नेहमीचं वाटत होतं. नंतर मोकळ्या जनावरावर यंत्र लावून बघितलं तर चित्र बरंच सौम्य निघालं. जाळ्यातलं कासव धडपडतं, स्नायू ऑक्सिजन खातात, लॅक्टिक ॲसिड साठतं, हृदय कितीही काटकसर करू दे, हिशोब जमत नाही. शिवाय उन्हाळ्यात पाणी गरम, म्हणजे अंगाची मागणी जास्त, म्हणजे हिवाळ्यापेक्षा लवकर मरतं.

असं कासव मिळालं तर लगेच परत पाण्यात टाकू नका, बुडून मरेल. पोटावर ठेवा, मागचा भाग थोडा उंच म्हणजे तोंडातून पाणी निघेल, सावलीत, अंगावर ओलं फडकं पण नाकावर नाही. दिवसभर वाट बघा. बरीच कासवं काही तासांनी मान हलवतात. सावरून चालायला लागलं की मगच पाणी. दरम्यान वनविभागाला कळवा, कारण ही सगळी संरक्षित आहेत आणि तुमच्या घरी ती सापडली तर समजावत बसावं लागेल.

खाल्लेल्याला छेडणे, गारठलेल्याला खायला घालणे

कोंबडीच्या खुराड्यात घुसून अंडी-पिल्लं गिळलेला साप पकडला की तो बाहेर आल्यावर सगळं ओकतो. लोक म्हणतात, बघा पाप ओकलं. त्याचं कारण पोटात ओझं घेऊन पळता येत नाही एवढं साधं आहे. पण त्याला हे ओकणं परवडणारं नसतं.

सापाच्या शरीरात जेवणानंतर जे घडतं ते बाकी कुठं सहसा दिसत नाही. मोठं भक्ष्य गिळलेल्या अजगराचा ऑक्सिजनचा वापर उपाशी असतानाच्या अनेक पटींनी वाढतो आणि तो बरेच दिवस चढा राहतो, पडून पडून. ठोके दुप्पट-तिप्पट होतात. गंमत अशी की हे सगळं फक्त व्हेगस नस सैल सोडून होत नाही. नसांचा परिणाम औषधानं बंद केला तरी जेवलेल्या अजगराचं हृदय उपाशी अजगरापेक्षा जोरात चालतं, म्हणजे रक्तातूनच काहीतरी हृदयाला पळवत असतं, सुरुवातीच्या काळात त्यात हिस्टामिनचा हात असतो. २००५ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं होतं की बर्मी अजगराच्या हृदयाचं वजन जेवल्यावर ४८ तासांत ४० टक्क्यांनी वाढलं. नंतरच्या काही प्रयोगांत एवढी वाढ मिळाली नाही, त्यामुळं ४० चा आकडा छातीठोकपणे सगळीकडं सांगत सुटू नका, पण ठोके वाढतात यावर कुणाचा वाद नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पोट फुगलेला साप दिसला तर शक्य असेल तिथं त्याला हात लावू नका, चांदोली-कोयनेच्या बाजूला अजगर दिसला तर गर्दी करून त्याच्याकडनं बकरीचं पिल्लू ओकवून घेण्यात काही पुरुषार्थ नाही, पिल्लू काय परत येणार नाही. दुसरं, गारठलेल्या कासवाला "अशक्तपणा आलाय" म्हणून खायला घालू नका. हृदय संथ, आतड्यांना रक्त कमी, पचनच होत नाही, अन्न आत सडतं. आधी ऊब, मग एक-दोन दिवसांनी खाणं. नागाला दूध तर कधीच नाही, गार असो की गरम.

शेपूट धरून उभा लटकवणे

याच्यावर फार बोलत नाही. साप लांब आहे, त्याला उभा धरला की रक्त खाली उतरतं, डोकं वर असेल तर मेंदूकडचं रक्त कमी पडतं आणि हृदयाला ठोके वाढवून भरपाई करावी लागते. झाडावर चढणाऱ्या सापांचं हृदय डोक्याच्या जवळ असतं आणि अंग आवळ, त्यांना हे जमतं. पाण्यातल्या सापांचं हृदय बरंच मागं असतं आणि जाड, ढिल्या अंगाच्या घोणशीला पण उभं धरलं की जमत नाही. डोकं खाली धरलं तर मणक्यांवर ताण. मिश्यांवर ताव देत घोणस लटकवणारे फोटो बघून टाळ्या वाजवू नका, हुक आणि नळीवाली पिशवी वापरणाऱ्याला वाजवा.

"तीन कप्प्यांचं हृदय म्हणजे अर्धवट"

शाळेच्या पुस्तकातून आलेला गैरसमज. साप, सरडे, कासवांच्या खालच्या कप्प्याला पूर्ण भिंत नसते हे खरं, म्हणून शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं आणि हृदय कमी दर्जाचं, असं पोरं लिहितात. घोरपड आणि अजगरात ती अर्धी भिंत आणि कप्प्याचं आकुंचन इतकं नेमकं जमतं की दोन बाजूंचा दाब वेगवेगळा राहतो. मगरीला तर चार कप्पे आहेत, वर डाव्या आणि उजव्या महाधमनीला जोडणारं एक भोक आहे, पनिझ्झाचं छिद्र, १८३३ साली पनिझ्झानं दाखवलेलं, आणि फुप्फुसाकडं जाणाऱ्या वाटेवर दात्यांसारखी एक झडप. श्वास रोखला की फुप्फुसाची वाट आवळून रक्त अंगाकडंच परत फिरवता येतं. हे कशासाठी यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, कुणी म्हणतं बुडीसाठी, कुणी म्हणतं कार्बन डायऑक्साइडवालं रक्त पोटाकडं पाठवून ॲसिड तयार करायला. पण वाट फिरवता येणारं हृदय अर्धवट कसं हो? आपल्याला ही सोय नाही.

मारलेला साप हातात घेणे

शेवटची आणि सगळ्यात महागात पडणारी. साप मारू नका, हा कायदा पण आहे आणि शहाणपण पण, उंदरांचा हिशोब बघितला तर. पण मारला गेलाच असेल, ट्रॅक्टरखाली आला, कोयता लागला, तर तो मेला हे ठरवायची घाई करू नका.

वर सांगितलं तसं हृदयाला ठोका सुरू करायला मेंदू लागत नाही. सरपटणाऱ्यांच्या पेशी कमी ऑक्सिजनवर तग धरतात, त्यामुळं डोकं तुटल्यावर धडातलं हृदय बराच वेळ चालू राहतं, कासवात तर तासन्‌तास. आणि तसंच दुसऱ्या बाजूला तुटलेल्या डोक्यातल्या नसा पण जिवंत असतात. तुटलेलं डोकं काही मिनिटांनीच नाही तर तासाभरानंतर पण चावू शकतं, आणि विषाच्या पिशव्या त्याच डोक्यात आहेत. चावताना ते काही राखून ठेवत नाही. थंडीत ही वेळ अजून लांबते कारण गार पेशी सावकाश मरतात.

म्हणून डोकं हातानं उचलायचं नाही, कुत्र्याला हुंगू द्यायचं नाही, पोरांना तर लांबच ठेवायचं. लांब दांड्याच्या खोऱ्यानं खोल खड्ड्यात टाका, वर दगड. व्हेटसुद्धा सरपटणारं जनावर मेलं असं एका बघण्यात सांगत नाहीत, ते उबेत आणून, डॉप्लरनं पुन्हा पुन्हा बघून, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून ठरवतात.

आणि चावलाच, जिवंत असो की तुटलेलं डोकं, तर चिरा द्यायच्या नाहीत, दोरीनं करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं एक मिनिट पण घालवायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढा, हात-पाय हलवू नका, १०८ ला फोन करा किंवा जी गाडी असेल तिनं सांगली किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालतं, त्यामुळं साप ओळखायला तो पकडून सोबत न्यायची गरज नाही.